रात्री दोनचा खडखडाट

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर मी बडोद्याला मावशीकडे होतो. बडोदे म्हटले की आपल्या भागातल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज, लक्ष्मीविलास राजवाडा आणि दांडिया बाजारातली अजून घरात मराठी बोलणारी कुटुंबे उभी राहतात. मावशी मात्र त्या बडोद्यात राहत नाही. ती राहते वासण्याला, विश्वामित्री नदीच्या पलीकडे, पश्चिमेला. वासणा हे मुळातले खेडे. शहर फुगत फुगत तिथवर गेले आणि गावाचे नाव एका लांबलचक रस्त्याला मिळाले. आता त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत. तळमजल्यावर दुकाने, फरसाणवाले, हॉटेले, मोबाइलची नि कपड्यांची दुकाने. आणि वरच्या मजल्यांवर आपल्यासारखी माणसे. मावशीचे घर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. मागच्या बाजूला शांतता असते म्हणून काकांनी निवृत्तीनंतर मुद्दाम ते घेतले होते.

पहिल्याच रात्री पावणेदोनच्या सुमारास मी दचकून जागा झालो. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला, मग काचेच्या बाटल्या एकमेकींवर घसरल्या, मग कोणी तरी पत्र्याचा डबा पायाखाली चेपला. त्यावर गल्लीतली सगळी कुत्री उठली. खिडकीतून पाहिले तर खाली, दुकानांच्या मागच्या दारांशी, एक मोठी लोखंडी कचराकुंडी होती. तिच्यात अर्धे अंग घालून एक बाई काही तरी उपसत होती, आणि शेजारी एक पोरगी पोते धरून उभी होती. शेजारच्या खोलीत काकांनी दिवा लावला. ते उठून पाणी प्यायले आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सलग झोपही सांगितली आहे. गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात, सलग झोप कुठून आणायची?

हे रोजचेच आहे असे मावशीने सकाळी सांगितले. दोन वर्षे झाली. सोसायटीत अर्ज झाले, सभा झाल्या. एक सभा मी तिथे असतानाच भरली आणि पाहुणा म्हणून मीही कोपऱ्यात बसलो. सभेत दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणत होता, "ही सगळी चोर माणसे. आज कचरा उपसतात, उद्या सायकली उचलतील. पोलिसांत कळवा, वॉचमनला काठी द्या, कुंडीला कुलूप लावा." दुसरा पक्ष म्हणत होता, "जाऊ द्या हो, गरीब आहेत, पोटासाठी करतात, आपण थोडे सहन करावे." माझ्या लक्षात आले ते असे की, सहन करा म्हणणाऱ्या बहुतेकांची घरे रस्त्याच्या बाजूला होती. त्यांना काहीच सहन करावे लागत नव्हते. दुसऱ्याच्या झोपेतून केलेले दान फार सोपे असते. अखेरीस कुलपाचा ठराव मंजूर झाला. खरे सांगतो, मनातल्या मनात मीही हात वर केला होता.

कुलूप लागले. पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. दुकाने रात्री अकराच्या पुढे बंद होतात, हॉटेल साडेबाराला. किल्ली वॉचमनजवळ, आणि वॉचमन त्या वेळी पुढच्या फाटकाशी. एवढ्या रात्री किल्ली मागायला कोण जातो? हॉटेलातल्या पोरांनी खरकट्याच्या पिशव्या कुंडीच्या शेजारी जमिनीवर टाकायला सुरुवात केली. पहिल्या रात्री कुत्री आली, दुसऱ्या रात्री गाई आल्या. तिसऱ्या रात्री कुत्री, गाई, ती बाई आणि तिच्या मागोमाग आणखी दोघे तिघे असे सगळे मिळून आले, कारण आता कुंडीत वाकायचीही गरज उरली नव्हती. सकाळी मागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी चेअरमननी स्वतःच कुलूप काढून नेले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी आणि मावसभाऊ खाली गेलो. तो सगळा जन्म बडोद्यात काढलेला, त्यामुळे गुजराती त्याची सफाईदार. आम्हाला पाहून बाई पोते उचलून निघालीच. "बेन, घाबरू नका, विचारायला आलोय," असे तो म्हणाला तेव्हा थांबली, पण पोते खांद्यावरून उतरवले नाही. रात्रीच का येता, हा आमचा प्रश्न. तिचे उत्तर इतके सरळ होते की, दोन वर्षे सभा घेणाऱ्यांपैकी एकालाही ते विचारावेसे वाटले नाही याची मला लाज वाटली. दिवसा आले तर दुकानदार हाकलतात. गिऱ्हाईक बघते म्हणतात. माल कुंडीत पडतो तोच मुळी अकरानंतर. साडेबाराच्या आधी आले तर हॉटेलातली पोरे वरून खरकटे ओततात, ते डोक्यावर पडते. सकाळी सातला महापालिकेची गाडी येऊन सगळे घेऊन जाते. "मधे जेवढी रात्र उरते, तेवढीच आमची," ती म्हणाली.

मग भावाने वरच्या खिडकीकडे बोट दाखवून सांगितले की, तिथे माझे वडील झोपतात आणि आवाजाने उठतात. तिने मान हलवली. म्हणाली, "मला माहीत आहे. तो दिवा लागला की मी हात थांबवते. विझला की परत सुरू करते."

हे ऐकून मी जरा वेळ गप्पच झालो. कारण काका काय करत ते मला ठाऊक होते. आवाज थांबला की ते दिवा विझवून आडवे होत, आणि आता परत सुरू होणार म्हणून कान देऊन पडून राहत. दोन वर्षे ही दोन माणसे एकमेकांची वाट पाहत रात्र काढत होती.

आता या आवाजाचा जरा शास्त्रीय विचार करू, कारण आपले विज्ञान शाखेचे मित्र नुसत्या भावनेने समाधानी होत नाहीत. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ असे धरले आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५, अशा मर्यादा घातल्या आहेत. मावशीची इमारत खाली व्यापारी आणि वर निवासी. तेव्हा काकांनी कोणता आकडा धरायचा हे नियम करणाऱ्यांनाच विचारावे लागेल! गंमत अशी की, हे आकडे सरासरीचे आहेत. पंधरा मिनिटांत एकदाच झाकण आपटले तर सरासरी फारशी हलत नाही, पण माणूस मात्र जागा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच दोन निरनिराळे आकडे आहेत. झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, आणि एकेकटा अचानक होणारा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. यावरून काकांचे गाऱ्हाणे खरे आहे, हे मान्य केले पाहिजे. ते चिडखोर म्हातारे नाहीत. पंख्याची घरघर त्यांना चालते, हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही चालतो. मोडतो तो आपटण्याचा आवाज.

पण मग हेही पाहायला हवे की, आवाजाविरुद्ध आपला आवाज कोणापुढे चढतो. याच गल्लीत लग्नाच्या वरातीचा डीजे रात्री वाजतो तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात. नवरात्रात तर बडोद्याचा गरबा जगप्रसिद्ध. त्या नियमांतच राज्य सरकारांना सवलत आहे की, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभांसाठी रात्री १० ते १२ ध्वनिक्षेपकाला मुभा देता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या गोंगाटावर मोठा निकाल दिला. त्याआधी मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या माणसांनी ऐंशीच्या दशकापासून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ही सारी लढाई ध्वनिक्षेपक, फटाके, हॉर्न आणि बांधकामाची यंत्रे यांच्याशी होती, म्हणजे ज्यांच्यामागे पैसा किंवा गर्दी असते त्यांच्याशी. आमच्या सभेत मात्र डीजेचा विषय कोणी काढला नाही. डीजेवाल्याला विचारायला धैर्य लागते. पोते घेतलेल्या बाईला हाकलायला वॉचमन पुरतो.

मूळ प्रश्न माझ्या मते कुंडीत काय पडते यापेक्षा कसे पडते याचा आहे. त्या बाईला काय हवे असते? पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, पत्र्याचे नि ॲल्युमिनियमचे डबे, थोडेफार तांबे पितळ. काच जड आणि भाव कमी, म्हणून ती बहुधा काच उचलतही नाही. पण काचेखालचे काढायचे तर काच हलवावीच लागते, आणि सगळ्यांत कर्कश आवाज होतो तो तिथे. पुठ्ठ्याचे खोके आमटीत भिजले की भंगारवाला वजन कापतो किंवा घेतच नाही. म्हणजे दुकानदाराने कोरडे खोके आणि हॉटेलाने खरकटे एकाच कुंडीत ओतल्याने तिचे मोल बुडते, तिला तासभर जास्त खपावे लागते, हाताला काच लागते आणि काकांची झोप जाते. कोरडा माल बाजूला एका पोत्यात ठेवला असता तर ती दोन मिनिटांत पोते उचलून गेली असती. खडखडाट तिच्या हातून होतो खरा, पण त्याची तयारी दुकान बंद करणाऱ्या हातांनी करून ठेवलेली असते. त्या हातांवर ठराव करावा असे सभेत कोणाला सुचले नव्हते.

आणि हे काही माझे सुट्टीतले संशोधन नव्हे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हेच सांगितले होते. हॉटेले आणि उपाहारगृहांनी वर्षभराच्या आत कचरा वेगवेगळा करावा, आणि पुन्हा उपयोगात येणारा माल अधिकृत कचरावेचकांकडे, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवावा, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे असेही होते. नियमाच्या भाषेत ज्याला 'सोपवणे' म्हटले आहे, त्याचा साधा अर्थ इतकाच की, अंधारात उपसायला लावू नये, हातात द्यावे.

आपल्याला हे जवळून पाहायचे असेल तर पुण्याकडे पाहावे. नव्वदच्या सुमारास श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचल्या. अक्षरे शिकवायला गेल्या आणि बायकांचा खरा प्रश्न निराळाच निघाला, असे त्या कामाचे वळण आहे. प्राध्यापक मंडळींनी याची नोंद घ्यावी! त्यातून १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायकांपैकी पुष्कळ जणी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या घरांतल्या, बहुसंख्य दलित. पंचायतीने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि नव्वदच्या दशकातच पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. ओळखपत्राने कचऱ्याचा भाव वाढत नाही, पण रात्री पोलिसाने हटकले तर चोर ठरण्याऐवजी कामगार ठरता येते. पुढे २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. बायका दारोदार जाऊन ओला नि सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या, घरागणिक थोडे शुल्क आणि सुक्या मालाचे पैसे त्यांचे. ज्या कामासाठी उकिरड्यात शिरावे लागे, तेच काम दिवसाउजेडी, दाराची घंटा वाजवून होऊ लागले.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी सांगतो की, बंगळूरनेही हा मार्ग धरला आहे. तिथल्या महानगरपालिकेने २०११ पासून कचरावेचकांना ओळखपत्रे दिली आणि 'हसिरु दळ' ही संस्था त्यांच्यात काम करते. ती उभी करणाऱ्या नलिनी शेखर यांनी आधी पुण्यातल्या बायकांबरोबर काम केले होते. म्हणजे मराठी कन्नड सीमेवरून नुसते वादच ये जा करतात असे नाही. जाता जाता एक शब्द आठवला. आपले कन्नड मित्र भंगाराच्या दुकानाला 'गुजरी' म्हणतात, आणि कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोनारांची पेठ! एकच शब्द, इकडे भंगार नि तिकडे सोने. भाषेच्या प्राध्यापकांनी यावर जरूर लिहावे.

गुजरातेतही हे काम नवे नाही. अहमदाबादला १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी 'सेवा' काढली, आणि कागद वेचणाऱ्या बायका तिच्या जुन्या सभासदांपैकी आहेत. वासणा तिथून शंभरेक किलोमीटरवर. पण वासण्याच्या त्या गल्लीत मात्र तोवर कोणीच पोहोचले नव्हते.

असो. मावशीच्या इमारतीत काय झाले ते सांगतो. भावाने दुसऱ्या दिवशी दोन कामे केली. पहिले म्हणजे सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे कापून त्याने कुंडीच्या काठाला तारेने बांधले. आता झाकण पडले तरी 'धप्प' होते, 'खण्ण' होत नाही. या कामाला खर्च काहीच आला नाही, आणि दोन वर्षांच्या सभांत जे झाले नव्हते ते अर्ध्या तासात झाले. दुसरे काम अवघड. खाली सात दुकाने आहेत. प्रत्येकाकडे जाऊन त्याने विनवले की, बंद करताना कोरडा माल कुंडीत न टाकता मागच्या जिन्याखाली एका पोत्यात ठेवा. ती बाई साडेअकराला येऊन घेऊन जाईल आणि जागा झाडून जाईल. कपड्यांच्या दुकानदाराने लगेच मानले, कारण त्याची कुंडी दुपारीच खोक्यांनी भरायची. मोबाइलवाल्याने मानले. फरसाणवाला म्हणाला, "आज तिला दिले तर उद्या दहा येतील." त्याची भीती अगदीच खोटी नाही, पण आधीही तिघे चौघे येतच होते आणि भांडणे कोणी आधी यायचे यावरूनच व्हायची. एका कुंडीला एक माणूस ठरला तर ते भांडण मिटते, हे त्याला पटायला आठवडा लागला. महिनाअखेर सातांपैकी पाच दुकाने पोते ठेवू लागली.

हॉटेलवाला मात्र हलला नाही. "माझ्या पोरांना वेळ नाही" हे त्याचे उत्तर. साडेबाराला थकलेली पोरे असतात हे खरेच. त्यांचीही झोप कोणी मोजत नाही. तेव्हा त्याच्या बाटल्या आणि डबे अजून कुंडीतच जातात आणि बाई त्यासाठी अजून रात्री येते. पण आता तिचे तिथले काम दहा मिनिटांचे राहिले आहे आणि पोरगी बरोबर नसते. पोरीला निजवून येते म्हणाली.

काकांना झोप लागते का? रोज नाही. कुत्री भुंकतातच, आणि दोन वर्षांची सवय म्हणून ते पावणेदोनला आपोआप जागे होतात. पण दिवा लावत नाहीत. मी विचारले तर म्हणाले, "दिवा लावला की ती थांबते. उगाच तिचा वेळ जातो."

परत आल्यावर एक रात्र मी आपल्या वसतिगृहात मित्राच्या खोलीवर राहिलो. खानावळीच्या मागे आपलीही एक कुंडी आहे. पहाटे चारला तिथे झाकण वाजले. मित्र कूस बदलून म्हणाला, "ते रोजचंच आहे, तू झोप." सकाळी जाऊन पाहिले तर कुंडीत वह्यांचे कागद, दुधाच्या पिशव्या, परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांवर ओतलेला सांबार. प्राचार्यांकडे मी दोन पोत्यांसाठी आणि एका लाकडी मांडणीसाठी अर्ज दिला आहे. सायकलचे जुने टायर कोणाकडे असल्यास वसतिगृहाच्या फाटकाशी आणून ठेवावेत. तार माझ्याजवळ आहे.